वास येत नाही, म्हणून चांगलं?

बसा खाली. वह्या मिटा. आज पाककृती नाही.

कालचं जेवण चांगलं झालं, पाहुणे तसं सांगून गेले. पुलाव मोकळा झाला होता, माखनीचा रंग जमला होता, ताटं वेळेवर लागली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चार वाजता मी स्वयंपाकघरात आले तेव्हा भाताचं मोठं पातेलं टेबलावर झाकून ठेवलेलं होतं. अर्धं भरलेलं, हात लावला तर कोमट. भात शिजला होता साडेअकराला. हा इथे कसा, असं विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, संध्याकाळी फ्राइड राईसला लावू." खराब झाला असेल तर? त्यावर या वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा म्हणाला, "वास तर येत नाहीये." आणि तुम्ही बाकीचे माना डोलावत उभे होतात.

भात उरला याचा मला राग नाही. तो उचलून ठेवायचा राहिला असता तरी मी एकदा बोलून सोडून दिलं असतं, गर्दीत माणूस विसरतो. पण तुम्ही विसरला नव्हतात. तुम्ही ठरवलं होतं. दुसऱ्याच्या पोटात काय जाईल हे तुम्ही नाकाने ठरवलंत, आणि दुसऱ्या वर्षाला पोचलेल्या एकालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. म्हणून आजचा तास.

बॅसिलस सेरियस हे नाव पहिल्या वर्षी तुम्ही पाठ केलंत, परीक्षेत लिहिलंत, मार्क घेतलेत. तो जिवाणू मातीत असतो, म्हणून तांदळावर असतो. भात शिजताना जिवाणू मरतात, त्यांचे बीजाणू मरत नाहीत. उकळत्या पाण्यातूनही ते जिवंत बाहेर येतात. पातेलं कोमट झालं की ते रुजतात, वाढतात, आणि त्यातल्या काही जाती एक विष तयार करतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही. संध्याकाळी तुम्ही भट्टी पूर्ण उघडा, कढईतून धूर निघेपर्यंत भात परता, जिवाणू मरतील आणि विष जसंच्या तसं ताटात जाईल. खाणाऱ्याला तासाभरात, फार तर पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतील. त्या विषाला वास नाही. चव नाही. रंग नाही. नासल्याचा जो आंबूस वास तुम्ही शोधत होतात तो वेगळ्या जंतूंचा, आणि बहुतेक वेळा ते जंतू माणसाला आजारी पाडणारे नसतातच. आजारी पाडणारं अन्न खुशाल सुवासिक असतं. मग नाक कशाला लावता पातेल्याला?

लावायचा असतो थर्मामीटर. तो टेबलाच्या खणात होता, वेष्टनसुद्धा न काढलेला.

पाच अंश आणि साठ अंश हे दोन आकडे ज्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येत नाहीत, त्याने दुसऱ्यासाठी स्वयंपाक करू नये. गरम अन्न साठच्या वर, थंड अन्न पाचच्या खाली. मधला सगळा पट्टा जंतूंच्या वाढीचा. शिजलेलं अन्न थंड करायचं असेल तर साठवरून एकवीस अंशांवर ते दोन तासांच्या आत यायला हवं, आणि तिथून लवकरात लवकर पाचच्या खाली. वीस किलोचं पातेलं झाकण लावून टेबलावर ठेवलं तर हे कधीच होत नाही. बाहेरून पातेलं गार लागतं आणि मधला गाभा रात्रीपर्यंत ऊबदार राहतो. तेच पातेलं गरम असताना फ्रिजमध्ये ढकललंत तर गाभा गार होत नाहीच, वर शेजारचं दूध आणि पनीरही गरम होतं. उथळ ट्रेमध्ये काढा, दोन बोटं जाडीचा थर करा, ट्रेखाली बर्फ ठेवा, वर तारीख आणि वेळ लिहा. हे काम पंधरा मिनिटांचं आहे. काल तुमच्याकडे पंधरा मिनिटं होती. त्या पंधरा मिनिटांत तुम्ही ताटांचे फोटो काढत होतात.

आणि हा प्रश्न एकट्या भाताचा नाही. आपल्याकडच्या हॉटेलांचा सगळा धंदा सकाळी करून ठेवलेल्या ग्रेव्ह्यांवर चालतो. कांदा-टोमॅटोची एक, माखनी एक, काजूची पांढरी एक. या तिघींतून रात्री मेन्यूकार्डावरचे चाळीस पदार्थ निघतात. त्यात गैर काही नाही, तसं केल्याशिवाय वीस मिनिटांत कुणाला जेवण मिळणार नाही. पण त्या ग्रेव्ह्या मोठ्या टोपांत भट्टीशेजारी बसून असतात, कालची उरलेली आजच्यात मिसळते, आजची उद्याच्यात. मटणाच्या रश्श्याचा टोप हळूहळू निवत राहिला की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सला हवी ती ऊब मिळते, आणि टोपाच्या तळाशी त्याला हवी तशी हवेवाचूनची जागाही मिळते. जुनं नव्यात मिसळायचं नाही. एकदा गरम केलेलं पुन्हा निववून पुन्हा गरम करायचं नाही. गरम करायचं तेव्हा आतपर्यंत पंचाहत्तर अंश, कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं असं नाही. लिहून घ्यायची गरज नाही, वहीत हे आहेच. हातात नाही.

आता तुमचं दुसरं वाक्य. ट्रेनिंगहून परत आलेली प्रत्येक तुकडी ते घेऊन येते. "मॅडम, आम्ही होतो त्या हॉटेलात असंच करतात, आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही."

या वाक्यावर तुम्ही कधी थांबून विचार केलात? स्टॅफिलोकॉकसचं विष काही तासांत उलट्या करवतं, तेव्हा माणसाला आपण काय खाल्लं ते आठवतं. पण विषमज्वराचा ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे जातात, कधी त्याहून जास्त. हिपॅटायटिस ए म्हणजे जी कावीळ अन्नपाण्यातून होते, ती उघड व्हायला साधारण चार आठवडे लागतात. तोवर तो माणूस दहा ठिकाणी जेवलेला असतो. लग्नात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, स्टेशनवर. घरचे पावसाच्या पाण्याला दोष देतात, डॉक्टर बाहेरचं बंद करा म्हणतात, आणि तुमच्या हॉटेलचं नाव कुणाच्याही तोंडी येत नाही. तक्रार आली नाही म्हणजे कुणी आजारी पडलं नाही, असं नव्हे. कुणालाही तुमच्यापर्यंत माग काढता आला नाही, एवढंच त्यातून कळतं.

माग लागतो तो फार जण एकदम पडले की. २०२२ च्या मे महिन्यात केरळमधल्या कासरगोड जिल्ह्यात, चेरुवत्तूरला, शोरमा खाऊन कितीतरी मुलं आजारी पडली आणि सोळा वर्षांची एक मुलगी गेली. तपासणीत शिगेला निघाला. शिगेला हा माणसाच्या विष्ठेतून येणारा जंतू. म्हणजे कुणाचा तरी न धुतलेला हात, किंवा दूषित पाणी. तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान मुलगी होती ती. त्यानंतर केरळने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, पार्सलवर पदार्थ कधी केला आणि कधीपर्यंत खायचा ते लिहिणं सक्तीचं केलं, हॉटेलात काम करणाऱ्यांना आरोग्यपत्र सक्तीचं केलं. सगळे नियम योग्य. सगळे नंतरचे.

गिऱ्हाईक काय तपासू शकतं ते बघा. टेबल पुसलेलं आहे का, ग्लास चमकतो का, वेटरचा शर्ट धुतलेला आहे का. बस. आतलं त्याला काही दिसत नाही. "परवानगीशिवाय प्रवेश नाही" अशी पाटी स्वयंपाकघराच्या दारावर लावायची आपल्याकडे पद्धतच आहे. गुजरात सरकारने २०१९ मध्ये हॉटेलांना त्या पाट्या काढायला सांगितल्या, आत दिसेल अशी काच लावायला सांगितली. चांगलं केलं. पण काचेतूनही भाताच्या गाभ्याचं तापमान दिसत नाही, आणि वाढणारा मुलगा संडासातून हात धुऊन आला की नाही तेही दिसत नाही. पैसे देऊन बसलेला माणूस तुमच्यावर विश्वास टाकून घास तोंडात घालतो. त्याच्या आधी ते अन्न तपासणारा शेवटचा माणूस तुम्ही आहात. तुमच्यानंतर कुणी नाही.

हातांकडे येऊ. मेरी मॅलन हे नाव तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? कुणालाच नाही. न्यूयॉर्कमधली आयरिश आचारीण होती, फार चांगला स्वयंपाक करायची, श्रीमंत घरं तिला मागून घ्यायची. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बेच्या एका घरात अकरा माणसांपैकी सहा जणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर नावाच्या स्वच्छता-अभियंत्याने माग काढला तेव्हा दिसलं की ही बाई जिथे जिथे कामाला होती त्या एकामागून एका घरात ताप गेला होता. ती स्वतः ठणठणीत होती. जंतू तिच्या शरीरात राहत होते, तिला काही होत नव्हतं. शिजलेल्या पदार्थांत ते मरत असणार. सोपरचा संशय होता तो ताजी पीच घालून केलेल्या आइस्क्रीमवर, कारण ते शिजत नाही. मी आजारी नाही तर माझ्यामुळे दुसरा कसा आजारी पडेल, हे तिने अखेरपर्यंत मानलं नाही. तुमच्यापैकी जे म्हणतात "मला काही झालेलं नाही, मी कशाला हात धुऊ", ते तिचंच बोलणं बोलतात. विषमज्वरातून बरा झालेला माणूसही पुढे जंतू बाळगून असू शकतो, म्हणून आपल्या कायद्यात हॉटेलातल्या प्रत्येक माणसाची दर वर्षी तपासणी आणि विषमज्वराची लस आहे. ती लस तुमच्यापैकी अर्ध्या जणांनी अजून घेतलेली नाही. सोमवारी दाखले आणा.

पण मेरीची गोष्ट तिथे संपत नाही, आणि मला तुम्हाला पुढचा भाग ऐकवायचा आहे. तिला एका बेटावर कोंडलं. १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक करणार नाही असं लिहून घेऊन सोडलं. ती कपडे धुण्याच्या कामाला लागली. त्यात पैसे कमी मिळायचे. शेवटी नाव बदलून ती परत चुलीपाशी गेली, आणि १९१५ मध्ये एका प्रसूती रुग्णालयात पंचवीस जण आजारी पडले, दोघं दगावले. मग १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. तिचा दोष होताच. पण स्वयंपाक सोड म्हणणाऱ्यांनी तिच्या पोटाचा विचार केला नव्हता, हेही तितकंच खरं.

आणि हे आपल्या इथे रोज घडतं. भांडी घासणारा, कांदा चिरणारा मुलगा गावाहून आलेला असतो, हॉटेलच्याच पोटमाळ्यावर झोपतो. त्याला जुलाब होतात. सांगितलं तर दिवसाचा पगार जातो, दोनदा सांगितलं तर नोकरी जाते. तो सांगत नाही. पोट दाबून येतो आणि कोशिंबीर कालवतो. त्याला घाणेरडा म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही. त्याच्या संडासाजवळ नळ आहे का? नळाजवळ साबण आहे का? मी पाहिलेल्या कितीतरी स्वयंपाकघरांत हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं रंगीत चित्र भिंतीवर असतं आणि खाली साबण नसतो. बाहेर झुंबरावर लाखो रुपये घातलेले असतात.

उद्या तुम्ही सुपरवायझर व्हाल, मॅनेजर व्हाल. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईत आकाशवाणी आमदार निवासाच्या कँटीनमध्ये वरण शिळं आहे म्हणून एका आमदारांनी तिथल्या कर्मचाऱ्याला मारलं, ते सगळ्यांनी बघितलं. तुम्हीही बघितलंत, वर्गात दोन बाजूंनी भांडलातही. त्यानंतर अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली आणि त्या कंत्राटदाराचा परवाना निलंबित केला. करायचं होतं ते हेच, आणि ते तक्रार लिहूनही झालं असतं. वाढणाऱ्याच्या तोंडात मारून वरण ताजं होत नाही. ते वरण किती वाजता झालं, कशात ठेवलं, कुणी बघितलं, याची नोंद मागायची असते, आणि ती मागायची असते मालकाकडे.

हे सगळं परदेशातलं आहे, आपल्याकडे परवडत नाही, असं कुणी म्हणू नका. बंगळुरूचं मावळ्ळी टिफिन रूम्स १९२४ चं. ते चालवणाऱ्यांतले यज्ञनारायण मय्या १९५१ मध्ये युरोपात जाऊन हॉटेलं बघून आले, आणि आल्यावर त्यांनी आपल्याकडची कपबशी, चमचे वाफेने निर्जंतुक करायला सुरुवात केली. तेव्हा आजचा अन्नसुरक्षा कायदा नव्हता. तो आला २००६ मध्ये, लागू झाला २०११ मध्ये. पुढे आणीबाणीत पदार्थांचे भाव सरकारने इतके खाली आणले की त्या भावात आपला दर्जा राखणं मावळ्ळीवाल्यांना जमेना. तेव्हा त्यांनी दर्जा खाली आणला नाही. हॉटेल बंद ठेवलं, आणि माणसांना काम राहावं म्हणून तयार पिठं विकायला घेतली. इडली-डोसा विकणारं हॉटेल होतं ते, पंचतारांकित नव्हे.

राहिलेल्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्या तुम्हाला येतात आणि तरी तुम्ही करत नाही. काल एकच फडका टेबलावर, मग खुर्चीवर, मग ताटाच्या कडेवर फिरला. मी बघत होते. ताट फडक्याने पुसायचंच नाही. हातमोजे घालून तुम्ही फोन उचललात आणि त्याच हातमोज्यांनी काकडी चिरलीत. त्यापेक्षा धुतलेला उघडा हात कितीतरी बरा. सॅनिटायझर चोळलं की झालं, ही करोनापासूनची सवय सोडा. तेलकट, मळक्या हातावर ते नीट काम करत नाही, आणि बीजाणूंवर मुळीच नाही. साबण, वाहतं पाणी, वीस सेकंद. हिरवी चटणी शिजत नाही, म्हणून कोथिंबीर-पुदिना रश्श्यातल्या भाजीपेक्षा जास्त काळजीने धुवायचा, आणि वाटताना पाणी पिण्याचंच घ्यायचं, बर्फही त्याच पाण्याचा. कच्ची कोंबडी ज्या पाटावर चिरली त्यावर कांदा येता कामा नये, चार रंगांचे पाट भिंतीला शोभेसाठी टांगलेले नाहीत. तळणीचं तेल काळं पडलं की टाकायचं. २०१८ पासून त्यातल्या ध्रुवीय घटकांची मर्यादा २५ टक्के आहे, ती मोजायचं यंत्र आपल्याकडे आहे, वापरा. आणि नखं कापा. हे मला मोठ्या मुलांना सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं.

एक मुलगी मला म्हणाली, आमच्या घरी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची, आम्हाला स्वच्छता शिकवायला नको. बाळ, तुझ्या आजीबद्दल मला आदर आहे. पण सोवळ्यात कुणी शिवलं ते बघायचे, आणि त्या बघण्यापायी या राज्यात माणसांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही. आपण इथे कुणी शिवलं ते विचारत नाही. हात धुतला होता का, एवढंच विचारतो, आणि ते मालकालाही विचारतो आणि मोरीवरच्या मावशींनाही. त्या मावशी तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा हात धुतात. त्यांना नावाने हाक मारायला शिका आधी.

कायद्याची भीती मी तुम्हाला घालणार नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५६ खाली अस्वच्छ स्वयंपाकघराला एक लाखापर्यंत दंड आहे, कुणी दगावलं तर कलम ६५ खाली किमान पाच लाखांची भरपाई आहे, हे माहीत असू द्या. पंचवीस माणसांमागे एक प्रशिक्षित देखरेख करणारा असावा, असं अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगतं. त्या प्रशिक्षणाची परीक्षा तुम्ही पास व्हाल, प्रमाणपत्र काचेत लावाल. पण निरीक्षक वर्षात एखाद्या दिवशी येतो. बाकीचे दिवस तुमचे आहेत.

येत्या जूनमध्ये तुम्ही नोकऱ्यांना लागाल. मुलाखतीला जाल तेव्हा पगाराच्या आधी तीन गोष्टी विचारा. कामगारांची हात धुवायची जागा कुठे आहे, थर्मामीटर आणि तापमानाची वही कुठे आहे, आणि पोट बिघडलेल्या माणसाला भरपगारी सुटी मिळते का. मालक हसला, किंवा तिन्हींना नाही म्हणाला, तर ती नोकरी घेऊ नका. घरची अडचण असेल, पगाराची गरज असेल, तरी घेऊ नका. माझ्याकडे या. दुसरी जागा मी शोधून देईन.